मामांचा दात, माझी वेणी

रावजीमामांचे दात त्यांच्या हातात होते आणि मामा ते नळाखाली धूत होते.

मी बाटल्या विसळायला भिजवणीच्या टाक्यांमागे गेले होते, कारण आमच्या प्रयोगशाळेतला नळ दुपारी रुसायचा. समोर पाहते तो मामा उकिडवे बसलेले. डाव्या तळहातावर वरची कवळी, उजव्या हातात कडुलिंबाची काडी, आणि त्या काडीने ते कवळीच्या आत अडकलेलं जवाचं साल उकरत होते. माझ्या बाटलीचा आवाज झाला, तसे ते वळले. तोंड एका क्षणात दहा वर्षांनी म्हातारं झालेलं. त्यांनी आधी कवळी बसवली, मग मिशी सारखी केली आणि मग म्हणाले, "बाई, तुमी काय बघितलं न्हाई."

"काही नाही, मामा," मी म्हटलं. "फक्त तुमचे दात बघितले."

आता माझ्याही तोंडात कवळी आहे, म्हणून मला त्या दिवसाचं हसू जरा बेतानंच येतं. तेव्हा मात्र मी बावीस वर्षांची होते आणि माझे बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत होते. साल एकोणीसशे सहासष्ट. मनमाडच्या अलीकडे, रेल्वेला लागून, माल्टचा एक कारखाना होता. जव भिजवायचे, फरशीवर पसरून त्यांना मोड आणायचे आणि मोड जरा वर डोकावले की भट्टीत वाळवायचे. असं केलं की दाण्याच्या पोटातलं घट्ट पीठ भुसभुशीत आणि गोडसर होतं, तेच माल्ट. आमचं बरंचसं माल्ट लहान मुलांच्या दुधात घालायच्या पुडीत जायचं. उरलेलं ज्यात जायचं त्याचं नाव आमच्या घरात काढत नसत. आईनं शेजारी सांगून ठेवलं होतं की कुंदा बाळांच्या खाऊच्या कारखान्यात आहे.

जव उत्तरेकडून वॅगननं यायचे. वॅगन सायडिंगला, म्हणजे कारखान्याच्या फलाटापर्यंत आणलेल्या रुळावर, लागली की सील तोडायचं आणि माल घ्यायचा की परत पाठवायचा हे त्याच दिवशी ठरवायचं. ठरवणारे होते रावजी घोलप, सगळ्यांचे मामा. मामा पोत्यात कोपरापर्यंत हात घालत, खालचे पाच दाणे काढत, एकेक दाढेखाली धरत आणि "घ्या" किंवा "नको" म्हणत. दाणा खडूसारखा मोडला तर चांगला. खडीसाखरेसारखा कडकन फुटला तर वाईट. सव्वीस वर्षांत त्यांचा दात चुकलेला नव्हता, आणि त्यांना कोणी कधी कारण विचारलेलं नव्हतं.

मग टिपणीससाहेब मॅनेजर होऊन आले. त्यांनी प्रयोगशाळा काढली आणि तिच्यात मला नेमलं. मी त्या कारखान्यातली पहिली बाई. माझं काम असं: पितळेच्या एका चौकटीत पन्नास भोकं होती, त्यांत पन्नास दाणे उभे बसवायचे, पातं ओढायचं, की पन्नासही दाणे आडवे कापले जात. आत पांढरं, खडूसारखं दिसलं तर पीठ मोकळं आहे. काचेसारखं चमकलं तर दाण्यात प्रथिनं जास्त, पीठ त्यांच्या जाळ्यात घट्ट आवळलेलं, पाणी आत शिरत नाही. म्हणजे मामांची दाढ सांगायची तेच, फक्त डोळ्यांनी. शिवाय शंभर दाणे मोजून ओल्या फडक्यात ठेवायचे आणि तीन दिवसांनी किती उगवले ते मोजायचे. पहिल्याच दिवशी मामा दारात उभे राहून हे पाहत होते. बाहेर जाऊन त्यांनी हमालांना सांगितलं की सायबानं मटकीला मोड आणायला बाई ठेवलीय. पुढे महिनाभर सगळे मला विचारत, उसळ कधी.

टिपणीससाहेबांची अट माझ्या नेमणुकीच्या पत्रात नव्हती, त्यांनी ती तोंडी घातली. मी आठ वाजता नमुना घ्यायचा, तपासायचा आणि बंद पाकिटात रिपोर्ट द्यायचा. दहा वाजता मामा फलाटावर दाणा चावून निर्णय सांगतील, मग पाकीट उघडायचं. लागोपाठ वीस वॅगन दोघांचं जुळलं तर मी कायम. मधे एकदा चुकलं तर मोजणी पुन्हा एकपासून. आणि हे सहा महिन्यांत व्हायला हवं, नाही तर प्रयोगशाळेला कुलूप.

इकडे वडिलांनी सांगलीचं एक स्थळ दिवाळीपर्यंत थांबवून ठेवलं होतं. नोकरी कायम झाली तर तुझ्या मनासारखं, नाही तर मार्गशीर्षात लग्न, असा आमचा करार. मुलगा वाईट नव्हता. बघायला आला तेव्हा मला काय आवडतं हे त्यानं माझ्या वडिलांना विचारलं, एवढंच.

जूनमध्ये सुरुवात बरी झाली. सात वॅगन जुळल्या. मग मामा दहा दिवस गावी गेले, आणि परत आल्यापासून सगळं बिघडलं. माझ्या चौकटीत पांढरे शुभ्र दाणे, तर मामा म्हणत नको. माझ्याकडे काचेचे तुकडे, तर मामा म्हणत घ्या. मोजणी दोनच्या पुढे जाईना. मी पातं बदललं, चौकट घासली, एकदा बाटल्यांच्या कपाटाआड रडूनही घेतलं. मामा गावाला दात काढून घ्यायला गेले होते, ही शंका माझ्या शास्त्रात कुठे बसत नव्हती.

तर आम्ही नळावर उभे होतो. मामांनी सांगितलं की कवळीला काही कळत नाही, दगड चावला काय नि बत्तासा चावला काय, दोन्ही सारखं. ते अंदाजानं बोलत होते. निवृत्तीला चौदा महिने राहिले होते. दात गेला हे कळलं तर त्यांना गेटवर बसवणार, आणि ज्या हमालांना त्यांनी सव्वीस वर्षं नावानं हाका मारल्या ते जाता-येता सलाम न करता जाणार. हे सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते, नळाकडे बघत होते.

पुढची युक्ती कोणी काढली यावर आमचा शेवटपर्यंत वाद होता. ते म्हणायचे तुमी, मी म्हणायची तुम्ही. ठरलं ते असं. मी रिपोर्ट देऊन दहाला फलाटावर उभी राहीन. माल चांगला असेल तर वेणी पुढे खांद्यावरून सोडलेली. वाईट असेल तर मागे. मामा दाणा चावतील, डोळे मिटतील, डोळे उघडतील आणि सांगतील.

माझी वेणी तेव्हा कमरेखाली जात असे. तिचा इतका चांगला उपयोग त्याआधी कधी झाला नव्हता आणि नंतरही नाही.

वॅगनमागून वॅगन जुळू लागली. टिपणीससाहेब पाकीट उघडत, चष्मा पुसत, "वा" म्हणत आणि खिशातल्या छोट्या वहीत काहीतरी लिहीत. मामांची तर कला बहरली. आता ते दाणा चावून मान तिरकी करत, जणू आत कोणी बोलतंय. एकदा तर "घ्या, पण वरची दोन पोती जरा कमी हायत" असंही म्हणाले. ते कुठून आणलं हे मी विचारलं तेव्हा म्हणाले, देवाला नैवेद्य दाखवताना तुळस लागतेच.

एकदाच गोंधळ झाला. नव्या मोजणीतल्या तिसऱ्या वॅगनच्या दिवशी मी न्हायले होते आणि ओले केस मोकळे सोडून फलाटावर गेले. वेणीच नाही. मामांनी एक दाणा चावला, माझ्याकडे पाहिलं. दुसरा चावला. साहेब घड्याळ बघायला लागले. अकराव्या दाण्याला माझ्या ध्यानात आलं. मग मी तिथंच, हमाल, दलाल आणि मॅनेजर यांच्या समोर, सावकाश वेणी घातली आणि पुढे घेतली. "घ्या," मामा घाम पुसत म्हणाले.

हळूहळू मामा संध्याकाळी पाळी सुटल्यावर प्रयोगशाळेत येऊन बसू लागले. माझा रिपोर्ट त्यांच्या तोंडून बाहेर पडत होता, तेव्हा त्यात काय असतं ते त्यांना कळायला हवं, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना भिंगाखाली उभा कापलेला दाणा दाखवला. बुडाशी इवलासा कोंब. वर सगळं पीठ. आणि सालाच्या आत, पिठाभोवती, एक पातळ थर. पाणी लागलं की कोंब जागा होतो आणि त्या थराला निरोप पाठवतो. मग त्या थरातून रस सुटतात आणि पीठ मोकळं करतात. कोंब जागा झाला नाही तर पीठ कितीही चांगलं असो, ते तसंच बंद राहतं, आणि त्याचं माल्ट होत नाही.

मामांनी बराच वेळ भिंगातून पाहिलं. "म्हंजे कोठार भरल्यालं असून उपेग न्हाई. चाव्या म्हातारीकडं."

"तसंच."

"आमच्या घरात बी तसंच व्हतं," ते म्हणाले.

त्या बदल्यात मी त्यांच्याकडून चावणं शिकले. कोणत्या दाढेखाली, किती दाब, कान कुठं ठेवायचा. पहिले आठ दिवस माझी जीभ सोलून निघाली. पण एकदा जमलं आणि मला त्याचा छंदच लागला. चौकटीला पाऊण तास लागायचा, दाताला पाऊण मिनिट. खरं सांगायचं तर मी जरा चढेल झाले. मटकी, म्हणजे ती तीन दिवसांची उगवण, मी दलालानं पंधरा दिवस आधी पाठवलेल्या नमुन्यावर करून मोकळी होत असे. वॅगन त्याच दिवशी खाली करायची, तिथं तीन दिवस कोण थांबणार, असं मी स्वतःला सांगायची.

एकोणीस जुळल्या. दिवाळी आठवड्यावर आली.

विसावी वॅगन शनिवारी स्टेशनात आली, पण आमची सायडिंग भरलेली होती म्हणून मंगळवारपर्यंत तिथंच उभी राहिली. माल भगवान शेटे नावाच्या दलालाचा. गोरा, गोड बोलणारा, मला "शास्त्रीणबाई" म्हणणारा. त्याच्या नमुन्यातले शंभरपैकी शहाण्णव उगवले होते. मंगळवारी सील तोडलं आणि मी पोत्यात हात घातला तर इतका देखणा जव मी पाहिला नव्हता. टपोरा, सोन्याच्या रंगाचा, एक दाणा काळा नाही. चौकटीत पन्नासातले सत्तेचाळीस पांढरे. चावून पाहिला, खडू. मी रिपोर्टवर "घ्यावा" लिहिलं, खाली एक रेघ ओढली, आणि वेणी पुढे घेऊन फलाटावर गेले. मनातल्या मनात मी सांगलीला नकाराचं पत्रही लिहून टाकलं होतं.

मामा उशिरा आले. चेहरा उतरलेला, एक हात कमरेशी. त्यांनी माझ्या वेणीकडे पाहिलं. मग परत पाहिलं. मला वाटलं त्यांना दिसत नाही, म्हणून मी ती दोन्ही हातांनी नीट छातीवर ठेवली. त्यांनी दाणा चावला. या वेळी मान तिरकी केली नाही, डोळे मिटले नाहीत. सालाचा चोथा बोटावर घेऊन टाकला आणि म्हणाले, "नको."

साहेबांनी पाकीट उघडलं. वाचलं. चष्मा पुसला नाही.

शेटे हसून म्हणाला की मामांचा दात हलायला लागला बहुतेक, शास्त्रीणबाईंचा रिपोर्ट बघा आणि लवकर पोती उतरवा. एक तर माझे वीस गेले. दुसरं, या म्हाताऱ्यानं मला सरळ सरळ फसवलं, असं मला वाटलं.

"मामा," साहेब म्हणाले, "कारण?"

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा कोणी विचारलं होतं. मामांनी पागोटं सारखं केलं. "कोठार भरल्यालं हाय, सायेब. म्हातारी मेलीय."

साहेबांना काही कळलं नाही. शेटेनं वेड लागल्याची खूण केली. तिथं एकाच माणसाला कळलं, ते म्हणजे मला.

मी म्हटलं, "साहेब, माझी एक तपासणी अर्धी राहिलीय. पाच मिनिटं द्या," आणि टाक्यांमागच्या नळाकडे चालू लागले. चूळ भरायचं निमित्त करून मामा मागून आले. त्यांनी कमरेची गाठ सोडली आणि एक ओलं फडकं काढून माझ्या हातावर ठेवलं. आत जव होते. पुष्कळसे नुसतेच फुगलेले, आणि थोड्यांच्या बुडाशी पांढरी टोकं.

"शंभर हायत. मोजून घेतल्यात. नऊ उगवल्यात," मामा म्हणाले. "शनवारी ठेसनावर वॅगन बघितली. दाराच्या फटीतनं गळालेले वेचले. तीन दिस पोटाशी बांधल्यात, गार पडू ने म्हणून."

"मला का नाही सांगितलं?"

"आज सकाळी तर सोडलं फडकं. मला वाटलं तुमची येणी मागंच असणार. तुमी शिकलेल्या."

मी जरा रागानं म्हटलं की मग वेणी पाहून "घ्या" म्हणायचं होतं. चूक माझी झाली असती. तुमचं काय गेलं असतं?

मामांनी चूळ भरली. पाणी थुंकलं. "दात खोटा हाय, पोरी," ते म्हणाले. "जीभ माझीच हाय."

आणि मग, मी तशीच उभी आहे असं पाहून, "जा आता. तुमचं म्हणून दाखवा. माझ्याकडं कुठलं फडकं? मी तर दातवाला."

फलाटावर जाऊन मी माझा रिपोर्ट साहेबांच्या हातातून घेतला, फाडला आणि फडकं उघडून समोर धरलं. सांगितलं की वॅगनमधल्या दाण्यांची उगवण शंभरात नऊ आहे, आणि माझा पहिला रिपोर्ट चूक होता. शेटे म्हणाला, नमुना तर शहाण्णव उगवला होता.

"नमुना उगवला," मी म्हटलं. "वॅगन नाही उगवली."

मग शेटेचा गोडवा उतरला. थोड्या ओढाताणीनंतर त्यानं कबूल केलं की गोदामात पावसाचं पाणी शिरलं होतं, म्हणून मालाला भट्टीची जरा ऊब दिली, आणि रंग उडाला म्हणून गंधकाची धुरी. दाणा दिसायला काही वाईट झाला का, सांगा, असं तो म्हणत होता. वाईट झाला नव्हता. फक्त आतला कोंब भाजून मेला होता. टाकीत घातला असता तर तीन दिवसांत सबंध फरशीभर सडला असता.

साहेबांनी ते फडकं हातात घेतलं. लाल चौकड्यांचा एक तुकडा होता. मामांच्या खांद्यावर लाल चौकड्यांचं उपरणं होतं आणि त्याचा एक कोपरा नव्हता. साहेबांनी फडकं तळहातावर तोललं.

"अजून कोमट आहे," ते म्हणाले. "मिस बोंद्रे, तुमच्या प्रयोगशाळेत बरीच ऊब दिसते."

मी जमिनीकडे पाहिलं. मामा आकाशाकडे पाहत होते. साहेबांनी वॅगन परत पाठवायला सांगितली, वहीत काहीतरी लिहिलं आणि गेले.

तीन दिवसांनी माझ्या टेबलावर कायम झाल्याचं पत्र होतं. सांगलीच्या मुलाचं त्याच मार्गशीर्षात मिरजेच्या मुलीशी लग्न झालं, असं कळलं. तिला काय आवडतं ते त्यानं कोणाला विचारलं, कोण जाणे. त्या दिवसानंतर मी प्रत्येक वॅगन स्टेशनात लागली की आधी मामांना पाठवून फटीतले दाणे मागवत असे, आणि त्यांची मोजणी होईपर्यंत साहेब वॅगन सायडिंगला घेत नसत. आणि वेणी? ती चालूच राहिली. मामा म्हणाले, एकदम बंद केली तर लोकांना संशय येईल.

पुढल्या वर्षी मामांचा निरोपसमारंभ फलाटावरच झाला. हमालांनी धोतरजोडी दिली. मी भिंग दिलं. शेवटी टिपणीससाहेबांनी कागदात गुंडाळलेलं काहीतरी पुढे केलं. मामांनी सोडलं. आत झाकणाचं एक काचेचं भांडं होतं, लहान, रुंद तोंडाचं.

"रात्री पाण्यात ठेवावी लागते म्हणतात," साहेब म्हणाले. "नाही तर वाकडी होते."

मामांनी भांडं उजेडाकडे धरलं. त्यांच्या मिशा थरथरायला लागल्या. मला वाटलं, आता रडतात. पण ते हसत होते, आणि हसता हसता खाली बसले.

मी साहेबांना बाजूला गाठलं आणि विचारलं, केव्हापासून? ते म्हणाले, तिसऱ्या वॅगनपासून. ज्या माणसाला पाच दाणे पुरत होते त्यानं अकरा खाल्ले, आणि तुमची वेणी झाल्यावरच त्याला चव कळली.

"मग एकोणीस वॅगन मोजल्यात कशा?"

"त्या मोजल्याच नाहीत," साहेब म्हणाले. "विसावी मोजली."

गावातला फोटोवाला तिवईवरच्या काळ्या कापडात डोकं घालून बसला होता. मधे मामा, मांडीवर काचेचं भांडं. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला साहेब. फोटोवाला हात वर करून तयार म्हणाला, तेवढ्यात साहेबांनी त्याला थांबवलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मिस बोंद्रे, वेणी पुढे घ्या."

तो फोटो अजून माझ्या कपाटावर आहे. त्यात मामांचे सगळेच्या सगळे दात दिसतात. वेणी पुढे आहे.